घर गरीब नसलं तरी त्यातली बाई गरीब असू शकते

प्रश्न सोलापुरातल्या समाजकार्याच्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "ताई, स्त्री-पुरुषांमधली आर्थिक दरी हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ पासून आहे. आमच्या पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत, तर जवळपास प्रत्येक घरातली बाई काही ना काही कमावते. तरी बायका पुरुषांपेक्षा गरीब का? सोलापुरात हा फरक नेमका किती टक्के आहे? आणि लाडकी बहीण योजनेमुळे तो कमी होईल का?"

टक्क्यांपासूनच सुरू करते, कारण तुझा प्रकल्प तिथंच अडकणार आहे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये आहे. १९७६ चा कायदा त्यातूनच आला आणि आता तो वेतन संहितेत सामावला गेला आहे. पण या सगळ्याला एक अट आहे: काम सारखं किंवा सारख्या स्वरूपाचं हवं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात जाऊन बघ. मागावर पुरुष. कांडी भरायला, कडा शिवायला, सुटे धागे कापायला, घड्या घालून पॅकिंग करायला बायका. टॉवेल एकच, छप्पर एकच, पण कायद्याने तुलना करायची म्हटली तर कुणाची कुणाशी करणार? कारखानदार म्हणतो, मागाचं कसब वेगळं. आहेच वेगळं. पण ते कसब बाप मुलाला शिकवतो, मुलीला कुणी मागाजवळ उभं करत नाही. म्हणजे दरी मजुरीच्या दरात शिरण्याआधी कामाच्या वाटणीतच शिरलेली असते.

विडीत तर तुलनेला पुरुषच सापडत नाही. विड्या वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. पान-तंबाखू तोलून देणारे, विड्या तपासून बाद करणारे आणि हिशेब लिहिणारे पुरुष. म्हणून "पुरुषाला किती, बाईला किती" हा तक्ता तू करायला बसलीस तर अर्धे रकाने रिकामे राहतील आणि उरलेल्या अर्ध्यांतून चुकीचा निष्कर्ष निघेल.

त्यापेक्षा तासाचा दर काढ. विडीची मजुरी हजारावर मिळते. बाईला विचारलंस की ती हजाराचा दर सांगेल आणि तू तो "दिवसाची मजुरी" म्हणून लिहून मोकळी होशील. पण हजार विड्या कशा होतात ते बघ. आदल्या संध्याकाळी पान भिजवायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग पत्र्याच्या मापावर कात्रीने एकेक पान कापायचं. दुसऱ्या दिवशी तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड मुडपायचं, कट्टे करायचे. सरावाच्या हातालाही यात दहा-बारा तास सहज जातात, आणि ते सलग मिळत नाहीत. मधे स्वयंपाक असतो, पोरं असतात. पान खराब निघालं तर हजार भरत नाहीत, मग कमी पडणारं पान ती पदरचे पैसे घालून आणते. तपासणीत काही विड्या बाद होतात. शाळेतून आलेली मुलगी तासभर पानं कापू लागते, तिचा तास कुठंच धरला जात नाही. हे सगळं वजा केल्यावर तासाला जे उरतं, ते तुझ्या अहवालातलं सगळ्यात महत्त्वाचं पान होईल. त्याच बाईच्या नवऱ्याच्या किंवा भावाच्या तासाशी ते लावून बघ, मग तो रिक्षा चालवत असो, मागावर असो की हमालीला जात असो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण विडी म्हटलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात. तंबाखूची धूळ, खोकला, पाठ-मानेची दुखणी हे सगळं खरं आहे आणि हा धंदा आटत चालला आहे तेही चांगलंच. पण घरी बसून काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणून ओळखणारे कायदे आपल्याकडे फार थोडे झाले आणि १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा त्यांतला मुख्य होता. घरखात्यावर, म्हणजे घरी बसून, विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, हे त्यात स्पष्ट होतं. कारखानदार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले, १९७४ मध्ये हरले. भविष्य निर्वाह निधीवरही असाच वाद झाला, १९८५ मध्ये तोही बायकांच्या बाजूने लागला. म्हणून सोलापूरच्या विडी कामगार बाईकडे ओळखपत्र असतं, पीएफ असतो, बोनसचा हक्क असतो.

आता तिच्या सुनेकडे बघ. ती विड्या वळत नाही, युनिफॉर्म शिवते. तयार कपड्यांचा, त्यातही गणवेशांचा धंदा गेल्या काही वर्षांत इथे चांगलाच वाढलाय. काम स्वच्छ, तंबाखूचा वास नाही, लग्नाच्या बाजारातही "शिलाईकाम करते" हे ऐकायला बरं. पण घरी मशीन तिचं, वीज तिची, दोरा बऱ्याचदा तिचा, आणि कागद एकही नाही. ठेकेदाराच्या वहीत तिचं नाव असतं, तेही आडनावाशिवाय. सासूला म्हातारपणी निदान तुटपुंजं पेन्शन आहे, सुनेला तेवढंही नसणार. पिढी पुढे गेली, हक्क मागे गेले. माझ्या मते सोलापूरच्या बायकांच्या अर्थकारणातली आजची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. (पेन्शन तुटपुंजं म्हणते त्याला कारण आहे. कर्मचारी पेन्शन योजनेत किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १००० रुपये ठरली. विडीची मजुरीच इतकी कमी की बहुतेकींचा आकडा त्याच्या आसपासच राहतो.)

बाईची मजुरी इतकी कमी राहिली यामागे एक जुना समज आहे: घर चालवतो तो पुरुष, बाईचा आपला तेवढाच हातभार. सोलापूरला हा समज तरी टिकायला नको होता. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा पूर्व भागातल्या कित्येक घरांत चूल पेटत राहिली ती विडीच्या सुपावर. नवरा घरी, कज्जा कोर्टात, थकबाकी अडकलेली, आणि बाई रोजचं हजार भरतेय. तरी तिच्या मजुरीकडे बघण्याची नजर बदलली नाही. दर ठरवताना ती जोडधंद्यावालीच राहिली. आजही तू घरोघर जाऊन विचार, "घर कोण चालवतं?" बाई स्वतःच म्हणेल, "मालक." ते चार महिन्यांपासून बसून असले तरी.

जिल्ह्यात बाहेर पडलीस की हाच प्रकार उसात दिसेल. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर आहे आणि तोडणीला बीडकडून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून जोडपी येतात. जोडपं म्हणजे एक कोयता. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर वाढून टनाला ३६६ रुपये झाला, पण तो दोघांच्या कामाचा. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे उठून भाकरी करते, मूल फडाच्या कडेला निजवते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मुकादमाकडून नवऱ्याच्या हातात येते. तिच्या श्रमाची वेगळी नोंद कुठल्याही कागदावर नाही, त्यामुळे तिला किती मिळालं हा प्रश्न विचारताच येत नाही. देशभराचा आकडा हवा असेल तर हा घे: २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात काम करणाऱ्या बायकांपैकी ३६.७ टक्के घरच्या शेतीत किंवा धंद्यात विनामोबदला मदतनीस होत्या. दहातल्या जवळजवळ चौघी. त्या "कामकरी" म्हणून मोजल्या गेल्या, म्हणून बायकांचा श्रमातला सहभाग वाढलेला दिसला. असे आकडे वाढले की टाळ्या वाजवण्याआधी हातात काय पडलं ते बघावं.

घरकामाचा वेळ हा आणखी एक मोठा हिशेब. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. आता यात सोलापूरचं पाणी मिसळ. उजनीचं धरण जिल्ह्यात असून शहरात नळाला पाणी काही दिवसांआड. पाण्याच्या दिवशी वेळ बदलली की बाई रात्री दोनला उठते, मोटार लावते, पिंप, हंडे, कळश्या, बादल्या भरते, धुणं काढते. त्या दिवशी विड्यांचं हजार होत नाही, शिलाईचे नग कमी भरतात. म्हणजे महापालिकेच्या पाइपलाइनचं अपयश बाईच्या मजुरीतून कापलं जातं. तुझ्या प्रकल्पात पाण्याच्या दिवसाची आणि बिनपाण्याच्या दिवसाची कमाई वेगळी लिहिलीस तर ते नवं काम होईल, कुणी फारसं केलेलं नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्याकडे गरिबी घराची मोजतात. घरात किती खर्च होतो, घराला शौचालय, गॅस, बँक खातं आहे का. मग घरातल्या माणसांत ते सारखं वाटलं गेलं असं धरून चालतात. हे धरून चालणं चुकीचं आहे, एवढाच माझा सगळ्या अनुभवाचा अर्क. पक्कं घर, मोटारसायकल, टीव्ही असलेल्या घरातली बाई स्वतःच्या दाताचं दुखणं वर्षभर काढते, कारण त्यासाठी पैसे मागावे लागतात. सर्वेक्षणात ते घर गरीब नसतं. नवरा गेला, किंवा त्याने दुसरी आणली, की महिन्याभरात ती संजय गांधी निराधार योजनेच्या रांगेत दिसते. लोक म्हणतात, नशीब फिरलं. फिरलं काहीच नाही. घर, दुकान, गाडी, खातं, काहीही तिच्या नावावर नव्हतं, ते कालही नव्हतं. गरीब ती आधीच होती, फक्त झाकलेली होती.

आणि त्या रांगेतली गंमत बघ. निराधार योजनेत महिना १५०० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५०. चार विड्या वळून पोट भरणारी विधवा खरं उत्पन्न सांगेल तर बाद होईल. म्हणून ती कमी सांगते, तलाठी समजून घेतो, आणि पुढे तुझ्यासारखी अभ्यासक तोच दाखला आकडा म्हणून वापरते. उत्पन्नाच्या दाखल्यावरून कधीही निष्कर्ष काढू नकोस.

नावावर काय आहे, हे विचारायला शीक. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली आणि बाप आधी वारला असला तरी हक्क जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. कायदा इतका स्वच्छ असूनही उपनिबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या होतच असतात. साडी-चोळी, जेवण, फार तर एखादा दागिना. शहरी कार्यकर्त्या यावर बायकांना रागावतात, मला ते पटत नाही. माहेर म्हणजे तिचा एकमेव विमा आहे. बाळंतपण, भांडण, दिवाळी, नवऱ्याचा मार, सगळ्याला तेच दार. अर्ध्या एकरासाठी ते दार बंद करणं तिला परवडत नाही, हे तिने नीट हिशेब करूनच ठरवलेलं असतं. मी तिला एवढंच सांगते: सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू दे. ते लागल्याने भावाचं काही जात नाही. हक्कसोडपत्रावर सही आत्ताच्या आत्ता कर असं कायद्यात कुठंही नाही. वहिनी, भाऊ काय म्हणतात बघ, दोन-चार वर्षं जाऊ दे. नाव लागलेलं असलं की पुष्कळदा भाऊच बसून बोलतो.

याउलट सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन ये. गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांच्या संस्थेची दहा हजार घरं तिथे उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर आणि त्यांच्या कामगार संघटनेची ही दीर्घ लढाई. राजकारण कुणाला पटो न पटो, सभासद बाई आहे, म्हणजे घर बाईचं आहे. नवरा दारू पिऊन आला तर तिथे "निघ माझ्या घरातून" हे वाक्य तो म्हणू शकत नाही. शहरापासून लांब, बसचा त्रास, सुरुवातीला सोयी अपुऱ्या, या तक्रारी बायकांनी केल्या आणि त्या खऱ्या होत्या. पण मजुरी दहा-वीस रुपयांनी वाढवून जे झालं नसतं ते कागदावरच्या एका नावाने झालं, असं माझं मत आहे.

बाईचं नाव आवर्जून मागितलं जातं ते एकाच ठिकाणी: कर्जाला. मायक्रोफायनान्सच्या गटात दर आठवड्याला हप्ता, सगळ्या बायका. पैसा जातो रिक्षाच्या दुरुस्तीला, मुलाच्या प्रवेशाला, दिराच्या लग्नाला. घर, गाडी पुरुषांच्या नावावर आणि हप्ता हिच्या नावावर. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, मग तिसरी. शेवटी सोनं जातं, आणि सोनं ही एवढी एकच वस्तू खरोखर तिची होती. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम घातले आहेत, ते बायकांना माहीत नसतात. अशा कर्जाला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला येता येत नाही. गटातल्या बायकांना हे चार नियम कागदावर लिहून दे, तुझ्या प्रकल्पाचा निदान त्यांना उपयोग होईल. बचतगटाचं कर्ज वेगळं, ते स्वस्त असतं आणि हिशेब बायकांच्याच हातात असतो. दोन्हींना "गट" म्हणतात, म्हणून मुलाखतीत नीट वेगळं करून विचार.

लाडकी बहीणबद्दल. १५०० रुपयांवर हसणारे लोक मी पाहिले, सगळे महिना पगार घेणारे. बाईच्या खात्यात, कुणाला न मागता, दर महिन्याला पैसे येतात ही तिच्या आयुष्यातली नवी गोष्ट आहे. कुणी औषध आणलं, कुणी भिशीत घातले, एकीने मला सांगितलं, "पहिल्यांदा नातीला माझ्या पैशानं चप्पल घेतली." पण याने तुझी दरी भरेल का? नाही. तासाचा दर तोच राहतो, पाणी तेव्हाच येतं, सातबारा तसाच. शिवाय एटीएम कार्ड कुणाच्या खिशात आहे हे विचारल्याशिवाय त्या पैशाला तिचा पैसा म्हणू नकोस. ई-केवायसीला नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं गेलं तेव्हा ज्यांना दोन्ही नाहीत अशा बायकांचीच सगळ्यात जास्त धावपळ झाली, आणि गरज त्यांनाच जास्त होती.

तू विचारलं नाहीस, पण बायका विचारतात की आम्ही करायचं काय, म्हणून तेही. पीएफच्या नोंदीतलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का हे आजच बघायचं, निवृत्तीच्या वेळी नाही. लग्नाआधीचं तेलुगू वळणाचं नाव, नंतरचं मराठी वळणाचं, आणि तारीख म्हणून सगळ्यांची एक जून, यात कित्येकींचा स्वतःचा पैसा वर्षानुवर्षं अडकतो. घराच्या उताऱ्यावर नवऱ्याबरोबर नाव लावून घ्यायचं, घरात सगळं गोडीगुलाबीत असतानाच. नवीन घर घेत असाल तर राज्यात बाईच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हे पुरुषांना सांगितलं की ते स्वतःहून तयार होतात. वर्षाला वीस रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा नवऱ्याच्या खात्यावर चालू आहे का आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, हे पासबुक घेऊन बँकेत विचारायचं. कडक भाकरी, शेंगाचटणीचा धंदा करणाऱ्यांनी तर उद्योग नोंदणी स्वतःच्याच नावाने करायची. भाकरी ती थापते आणि नोंदणी मुलाच्या नावाने, हे मी बघत आले आहे.

राहिला तुझा नमुना. शंभर घरांना एक वरवरची प्रश्नावली देण्यापेक्षा वीस बायकांचे सात-सात दिवस लिही. घरी सासू किंवा नवरा समोर असताना पैशाचे प्रश्न विचारू नकोस, विड्या द्यायला जाताना तिच्याबरोबर चालत जा, वाटेत बोलणं होतं. पूर्व भागात बऱ्याच जणी घरात तेलुगू बोलतात आणि पैशाचं दुःख माणूस घरच्या भाषेत सांगतो, तेव्हा तुला तेलुगू येत नसेल तर येणारी मैत्रीण बरोबर घे. आणि प्रश्नावलीतला "कुटुंबप्रमुख" हा पहिला रकाना काढून टाक. त्याच्याऐवजी विचार, या घरातला कुठला कागद तुमच्या नावावर आहे, आणि तो कुठे ठेवलाय.